विचारा की सर! : केमिकल नसलेला माणूस कुठाय?

या महिन्यात पत्रं भरपूर आलीत आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत भीती एकच, केमिकल. गुळात केमिकल, खतात केमिकल, पोराच्या डब्यात केमिकल. म्हणून शेतीचे, तब्येतीचे, अभ्यासाचे सगळे प्रश्न यावेळी एकत्रच घेतलेत. आधीच सांगून टाकतो, तुमच्या-माझ्या अंगातलं पाणी, मीठ, साखर, चरबी, प्रथिनं, डीएनए ही सगळी केमिकलंच आहेत, आणि वजनाच्या हिशेबात साधारण ९६ टक्के माल कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांचा आहे. त्यामुळे केमिकल आहे का हे विचारून काही हाती लागत नाही. कोणतं आहे, किती आहे आणि शरीर ते घरच्या घरी बनवू शकतं का, हे विचारा.

प्रश्न : सर, आमच्यात साखर बंद केलीय, चहापासून शिऱ्यापर्यंत सगळं गुळाचं. हायवेला एक गुऱ्हाळ आहे तिथनं ‘केमिकल-फ्री’ पाटीवाला काळपट गूळ आणतो, दीडपट भाव पडतो. मेहुणे म्हणतात येड्यात काढतायत तुम्हाला, गूळ आणि साखर एकच. शरीराला गुळाची गरज असते का नाही ते एकदा सांगून टाका.
— एक वाचक, उंब्रज

उत्तर : मेहुणे निम्मे बरोबर आहेत, त्यांना गुळाचा चहा पाजा. साखरेत जो रेणू असतो, सुक्रोज, म्हणजे १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन, तोच गुळात ७० ते ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेल्यात थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडं पाणी आणि उसातनं आलेले क्षार. लोह असतं, काही उसातलं काही काहिलीतलं, पण लोह मिळावं म्हणून गूळ खायला लागलात तर इतका खावा लागेल की डॉक्टर वेगळ्याच कारणावरून ओरडतील.

आता पाटीचं. गुळव्या रसात चुना टाकतो तो रसाचा आंबटपणा मारायला, भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतो ते मळी वर यायला. चुना केमिकल आहे, भेंडीचा चिकटा पण केमिकलच आहे आणि दोन्हीत काही वावगं नाही. वांधा आहे तो हायड्रॉसचा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचा, गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ लागतो म्हणून ती पावडर मारतात आणि गंधकाचा अंश गुळात राहतो. तुमचा गूळ काळपट आहे म्हणजे हायड्रॉस बहुतेक नसावं, एवढंच म्हणता येईल, त्यासाठी दीडपट मोजायचे का ते तुम्ही आणि मेहुणे बघा.

गरजेचं विचाराल तर गरज ग्लुकोजची आहे, गुळाची नाही. मेंदू एकटा दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज संपवतो, पण ते भाकरीतल्या स्टार्चमधनं आरामात मिळतं, एकादशीला साबुदाणा चापणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही, तो निव्वळ स्टार्च. आणि जो खरोखर काही न खाता उपास करतो त्याचं लिव्हर आधी साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचाच साठा, सोडतं, ते संपलं की प्रथिनं मोडून ग्लुकोज तयार करतं. म्हणजे ज्याच्याशिवाय मेंदूचं पान हलत नाही ते शरीर स्वतः बनवून घेतं, साखर-गूळ वरून खाल्लाच पाहिजे असं काही नाही. शुगर असणाऱ्यांनी तर ‘गूळ चालतो’ हे डोक्यातनं काढूनच टाकावं.

जाता जाता एक. रस काढून उरलेल्या चिपाडातसुद्धा भरपूर ग्लुकोज आहे बरं का, हजारो ग्लुकोज एकमेकांना जोडून सेल्युलोज होतं. ज्वारीतलं स्टार्च पण ग्लुकोजचीच साखळी, फरक फक्त एक ग्लुकोज दुसऱ्याला कोणत्या बाजूने जोडलाय एवढाच, पण त्या फरकाने आपण भाकरी पचवतो आणि कडबा पचवू शकत नाही. बैल पचवतो तोही स्वतःच्या जिवावर नाही, त्याच्या पोटातल्या जिवाणूंच्या जिवावर.

प्रश्न : आमचा हळदीचा व्यापार आहे. हल्ली गिऱ्हाईक कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळ्या रंगाचं द्रव्य, किती टक्के विचारतंय. कर्क्युमिन हे शरीराला अत्यावश्यक द्रव्य आहे असं पोत्यावर छापावं का?
— मार्केट यार्ड, सांगली

उत्तर : नका छापू. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, हरिपूरची हळद साठवायची पेवं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत, एवढं नाव असताना खोट्या शब्दाची गरज काय.

एखादं द्रव्य शरीराला अत्यावश्यक आहे का हे ठरवायची जुनी आणि चोख परीक्षा आहे. ते खाण्यातनं काढून टाका, ठराविक रोग झाला पाहिजे, परत द्या, रोग गेला पाहिजे. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने स्कर्व्ही, म्हणजे हिरड्यांतनं रक्त येऊन माणूस खंगतो तो रोग, झालेले १२ खलाशी घेतले, दोघादोघांना वेगवेगळं काहीतरी दिलं, आणि संत्री-लिंबं खाणारे दोघंच झपाट्याने सुधारले. त्यात काय होतं ते कळायला पुढची पावणेदोनशेच्या वर वर्षं गेली, ते व्हिटॅमिन सी. विशेष म्हणजे शेळी, गाय, कुत्रा हे व्हिटॅमिन सी ग्लुकोजपासून अंगातच बनवतात, त्यांना आवळा लागत नाही. माणसाचं त्या कामाचं एक जनुक फार पूर्वीच बिघडलंय, म्हणून आपल्याला लागतो.

या परीक्षेत हळद नापास. जगात कोट्यवधी लोक हळद न खाता जगतात आणि ‘हळदीच्या अभावाचा रोग’ कुणाला झालेला नाही. कर्क्युमिन हळदीचं झाड स्वतःसाठी बनवतं, आपल्यासाठी नाही, आणि आपण खाल्लेल्यातलं रक्तात फार थोडं पोचतं. रंग म्हणून मात्र एक नंबर, साबण लागला की लाल होतो तो गुण याचाच, चुना घालून हळदीचं कुंकू करतात तेही त्याच जोरावर. टक्केवारी खुशाल छापा, गिऱ्हाइकाला मालाची प्रत कळते. अत्यावश्यक वगैरे नको.

प्रश्न : नातू म्हणतोय युरिया आपल्या लघवीतसुद्धा असतो. मग गोमूत्रातला युरिया अमृत आणि पोत्यातला विष हे कसं काय? आम्ही तर ऊसाला पोत्यानं टाकतो.
— एक ऊस बागायतदार, वाळवा तालुका

उत्तर : आबा, नातवाला शंभराची नोट द्या, पोरगं हुशार आहे. रेणू एकच. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन, तुमच्या अंगातला असो, गाईच्या असो की कारखान्यातला, रेणूच्या रचनेत काडीचाही फरक नाही.

आणि हा वाद नवा नाही, दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ असंच मानायचे की सजीवांतले पदार्थ बनायला काहीतरी जीवनशक्ती लागते, बाटलीत ते होणे नाही. १८२८ साली बर्लिनमध्ये फ्रीडरिश वोलर हा माणूस अमोनियम सायनेट बनवायला गेला आणि हाती आले युरियाचे स्फटिक. त्याने आपले गुरू बर्झेलियस यांना पत्र लिहून कळवलं की मला आता माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडाशिवाय युरिया बनवता येतो. जीवनशक्तीवाले काही लगेच गप्प बसले नाहीत, पण १८४५ मध्ये कोल्ब या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड साध्या खनिज पदार्थांपासून सुरुवात करून बनवलं, मग हळूहळू त्या वादातली हवा गेली. आपल्याकडे अजून गेलेली नाही, ते सोडा.

अंगात युरिया येतो कुठनं? आपण डाळ, अंडी, मटण खातो त्यातलं प्रथिन मोडलं की नायट्रोजन सुटतो, तो अमोनियाच्या रूपात, आणि अमोनिया विषारी. मेंदूला तर फारच. म्हणून लिव्हर त्याचा युरिया करतं, तो निरुपद्रवी, पाण्यात विरघळणारा, किडनीतनं बाहेर. लिव्हरमधलं हे चक्र कसं फिरतं ते हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये शोधलं. मोठा माणूस दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया बाहेर टाकतो. डॉक्टर रक्तात युरिया तपासायला सांगतात तो हाच, किडनी दमली की तो साठतो.

रानात बरोबर उलटं होतं. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांनी जवळजवळ २१ किलो नायट्रोजन. मातीतले जिवाणू युरिएज नावाच्या एन्झाइमने, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्याने घडवणाऱ्या द्रव्याने, युरिया फोडून अमोनिया करतात, त्याचं पुढे नायट्रेट होतं, मुळं ते घेतात आणि त्यापासून ऊस आपली प्रथिनं, हरितद्रव्य, डीएनए सगळं उभं करतो. हे युरिएज साधंसुधं नाही बरं, जगात पहिल्यांदा ज्या एन्झाइमचे शुद्ध स्फटिक मिळाले ते हेच, १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी आपल्या अबईच्याच कुळातल्या एका शेंगेच्या बियांपासून काढले आणि एन्झाइम म्हणजे प्रथिन असतं हे दाखवलं. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांचा एक हात गेला होता, केमिस्ट्री कशाला करतोस असं लोक म्हणायचे. १९४६ ला नोबेल.

आता तुमच्या कामाचं. ओल्या रानात युरिया नुसता वर फेकला आणि ऊन पडलं की ते युरिएज वरच्यावरच काम करतं आणि अमोनिया हवेत जातो. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो तोच. म्हणजे पैसे उडाले. मातीआड करा, एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने टाका. जास्त टाकला तर ऊस नुसता माजतो, लोळतो, आणि उरलेलं नायट्रेट झिरपून विहिरीला लागतं. विष म्हणाल तर हे आहे, ढिसाळपणाचं. शेणखत-गोमूत्राचा फायदा त्यातल्या युरियाच्या रेणूत नाही, शेणखताने जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो, जिवाणूंना खायला मिळतं, आणि हे पोत्यातला युरिया करू शकत नाही. म्हणजे दोन्ही पाहिजे. एक सावधगिरी, जनावराच्या पोटातले जिवाणू थोड्या युरियापासून प्रथिन बनवू शकतात हे खरं आहे, पण मात्रा चुकली तर जनावर तासाभरात आडवं होतं, तेव्हा वैरणीवरचे प्रयोग पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय नको आणि युरियाचं पोतं गोठ्यात तर ठेवूच नका.

प्रश्न : मुलगा बारावी झालाय, जिम लावलीय. तीन हजाराचा प्रोटीनचा डबा पाहिजे म्हणून अडून बसलाय. म्हणतो भाकरी-आमटीत काय नसतं. आमच्या पिढ्या भाकरीवर गेल्या की.
— एक आई, जत

उत्तर : ताई, त्याला भाकरी-आमटीचा हिशेब कागदावर मांडून दाखवा, पोरं आकड्याला मानतात.

प्रथिन म्हणजे अमिनो ॲसिडची साखळी. शरीराला २० प्रकारची लागतात, त्यातली ११ आपण अंगात बनवू शकतो, ९ अजिबात बनवता येत नाहीत, ती ताटातनंच आली पाहिजेत. झाड वीसच्या वीस बनवतं, आपण नाही. आता ज्वारी-बाजरीत लायसिन नावाचं अमिनो ॲसिड कमी. तूर, मूग, मटकी, हरभऱ्यात लायसिन भरपूर पण मेथिओनिन कमी, ते ज्वारीत बरं असतं. लग्नाच्या पंगतीत पुऱ्या संपल्या की श्रीखंडाची पातेली भरलेली असून उपयोग नाही, तसं नवातलं एक जरी कमी पडलं तरी बाकीच्यांची प्रथिनं बांधता येत नाहीत, ती मोडली जातात आणि वर सांगितलेला युरिया होऊन बाहेर. भाकरीबरोबर आमटी, पिठलं, मटकीची उसळ, हे कुणी केमिस्ट्री शिकून ठरवलेलं नाही पण जुळलंय बरोबर. दोन्ही एकाच घासात पाहिजेत असंही नाही, दिवसभरात आली तरी चालतात.

हिशेब असा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीप्रमाणे मोठ्या निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन, म्हणजे ६० किलोच्या पोराला ५० ग्रॅम. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम, तुरीच्या डाळीत २२ च्या आसपास, शेंगदाण्यात २५, एका अंड्यात ६, लिटरभर दुधात ३२-३३. दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या, पन्नास ग्रॅम डाळ, मूठभर शेंगदाणे, अर्धा लिटर दूध धरलं की पन्नाशी पार. घाम गाळून वजन उचलत असेल तर किलोमागे सव्वा-दीड ग्रॅमपर्यंत लागेल, मग रोज तीन-चार अंडी आणि एक मोठी वाटी उसळ वाढवा, सोयाबीन तर पिकतंच आहे आपल्याकडं. अडचण कुठं होते सांगू, घरात आमटी म्हणून जे होतं ते पुष्कळदा लाल पाणी असतं आणि डाळ तळाला शोधावी लागते. तिथं पोरगं बरोबर आहे हो. आमटी घट्ट करा.

डब्यातली पावडर विष नाही, चीज करताना जे पाणी उरतं त्यातलं प्रथिन वाळवलेलं असतं, शरीराला ते दुधातलं काय आणि डब्यातलं काय. फक्त महाग आहे, आणि भेसळीचा माल बाजारात भरपूर. किडनीचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

प्रश्न : शेंगतेलाच्या पाऊचवर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ लिहिलंय, घाण्यावरच्या तेलावर काहीच लिहिलेलं नाही. मग घाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल असतं का?
— एक गृहिणी, कोरेगाव

उत्तर : नसतं. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, कुठल्याच झाडाच्या तेलात मोजण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं, ते प्राण्यांचं काम. पाण्यावर ‘हाडे नाहीत’ असं लिहिल्यासारखं आहे ते. आणि कोलेस्टेरॉल काही शत्रू नाही, आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते लागतं, त्यापासून पित्ताचे क्षार बनतात, पुरुषी-बायकी हार्मोन बनतात, त्वचेत त्याच्याच भावकीतल्या एका रेणूवर ऊन पडून व्हिटॅमिन डी बनतं. बहुतेक माल लिव्हर स्वतः बनवतं, म्हणून खाण्यातनं मिळालंच पाहिजे असं नाही. जास्त झालं की त्रास.

तेलातलं जे खरंच बाहेरनं यावं लागतं ती दोन फॅटी ॲसिडं, लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक. पहिलं करडईत रग्गड, शेंगतेलातही आहे. दुसरं जवसात. जवसाची चटणी करत जा, खलबत्त्यात कुटलेली असेल तर उत्तमच, अख्खं जवस न चावता गिळलं तर तसंच बाहेर पडतं.

प्रश्न : मी माळकरी आहे, चाळीस वर्षं अंडं-मांस नाही. हातापायाला मुंग्या येतात, डॉक्टर म्हणाले बी-१२ कमी. मी शेवगा, आवळा, मोड आलेली कडधान्यं सगळं खातो. मग कमी कसं?
— एक वारकरी, सातारा तालुका

उत्तर : माउली, तुम्ही खाता ते सगळं चांगलं, पण बी-१२ त्यात कशातच नाही. हे एकच व्हिटॅमिन असं आहे की ते झाड बनवत नाही, प्राणी बनवत नाही, बनवतात फक्त जिवाणू आणि त्यांचेच काही सूक्ष्म भाऊबंद. त्याच्या बरोब्बर मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू असतो. इतका गुंतागुंतीचा रेणू की त्याची रचना उलगडायला डोरोथी हॉजकिन यांना एक्स-रे घेऊन वर्षानुवर्षं बसावं लागलं, १९६४ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात हे काम होतं.

गाय हिरवा चारा खाते आणि तिच्या दुधात बी-१२ येतं ते तिच्या पोटातल्या जिवाणूंमुळे, आणि त्या जिवाणूंना चाऱ्यातनं कोबाल्ट मिळालं तरच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये काही भागांत मेंढ्या हिरव्यागार कुरणात चरून चरून खंगून मरायच्या, नंतर कळलं की त्या मातीत कोबाल्टच कमी. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणूसुद्धा थोडं बी-१२ बनवतात पण ते शोषून घ्यायची जागा लहान आतड्याच्या शेवटाला, म्हणजे आधीच मागे पडलेली, त्यामुळे माल तयार होतो आणि तसाच जातो. निसर्ग कधीकधी फारच गबाळं काम करतो.

गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा काही लाखावा भाग. दूध, दही, ताक रोज भरपूर असेल तर शाकाहारी माणसाचं पुष्कळदा भागतं, नुसत्या कोऱ्या चहावर आणि चमचाभर दह्यावर नाही भागत. शिवाय वय वाढलं की पोटातलं ॲसिड कमी होतं आणि शोषण घटतं, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर आणखी घटतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुंग्या अंगावर काढू नका, नसांचं नुकसान फार दिवस राहिलं तर पूर्ण भरून येत नाही.

माळेची काळजी असेल तर ऐका. बी-१२ च्या गोळीतलं औषध कारखान्यात टाकीत जिवाणू वाढवूनच काढतात, मांसातनं नाही. फक्त कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं, तेव्हा मेडिकलवाल्याकडे साधी गोळी मागा, नाहीतर इंजेक्शन. आणि सोशल मीडियावर स्पिरुलिना नावाचं शेवाळ खा म्हणून सांगतात तिकडे जाऊ नका, त्यात बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं पण आपल्या शरीराला न चालणारं द्रव्य असतं.

प्रश्न : आम्ही कास पठारावर गेलो होतो. गाईडने किडे खाणारी झाडं दाखवली. झाडांना ऊन, पाणी, हवा पुरते असं पुस्तकात आहे, मग किडे कशाला?
— अकरावीतली एक मुलगी, सातारा

उत्तर : तुझी शंका झकास आहे. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यातनं झाडाला फक्त कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन मिळतात, त्याची साखर होते, स्टार्च होतं, सेल्युलोज होतं. पण प्रथिनाला नायट्रोजन लागतो, थोडा गंधक लागतो. डीएनएला नायट्रोजन आणि फॉस्फरस. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम बसतं आणि त्याच्या चारी बाजूंनी नायट्रोजन. हे सगळं मुळातनं येतं. आता कासला काय आहे, जांभ्या दगडाचा सडा, त्यावर बोटभर माती, आणि पावसाळाभर धो धो पाऊस, जे काही विरघळतं ते धुऊन जातं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे म्हणशील, पण त्यातले दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते सोडवता येत नाहीत, ते जमतं जिवाणूंना. भुईमूग-सोयाबीन उपटलंस की मुळावर गाठी दिसतात ना, त्यात तेच राहतात.

ज्यांच्याकडे गाठी नाहीत त्यांनी दुसरा मार्ग धरला. दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानावरचे चकाकणारे थेंब म्हणजे चिकट द्रव, किडा अडकला की एन्झाइमं सुटतात आणि त्याची प्रथिनं तिथंच पचतात. सीतेची आसवं ती निळी-जांभळी नाजूक फुलं, त्यांच्याकडे बघून कुणाला वाटणार नाही, पण खाली ओल्या मातीत बारीक फुगे असतात आणि ते पाण्यातले अगदी छोटे जीव आत ओढून घेतात. डार्विनने दवबिंदूच्याच भाऊबंदांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून १८७५ मध्ये छापले, पानावर दूध, मांसाचा रस टाकला की पान वळायचं, साखरेचं पाणी, स्टार्च टाकलं तर ढिम्म. म्हणजे झाडाला भूक नायट्रोजनची होती, साखर ते उन्हात बनवतंच आहे.

आणि पुढच्या वेळी कुणी दवबिंदूला बोट लावून बघत असेल तर दोन शब्द सुनाव, माझ्या नावावर. युनेस्कोच्या यादीत २०१२ साली गेलेलं पठार आहे ते, सेल्फीसाठी झोपायची गादी नाही.

प्रश्न : सर, डीएनए पण केमिकलच ना? मग आपण कोंबडी खातो तेव्हा तिचा डीएनए आपल्यात जातो का? आणि डीएनए खाल्लाच पाहिजे असं असतं का?
— बारावी सायन्स, फलटण

उत्तर : जातो, पोटात. कोंबडी राहू दे, मेथीची भाजी खाल्लीस तरी तिच्या प्रत्येक पेशीतला डीएनए खातोसच, आयुष्यात डीएनए नसलेलं जेवण तू जवळजवळ कधी केलेलं नाहीस. आतड्यात एन्झाइमं त्याचे तुकडे करतात, साखर, फॉस्फेट आणि नायट्रोजनवाले बेस सुटे होतात, आणि सुट्या बेसवर कोंबडीचं नाव लिहिलेलं नसतं. शरीर आपले न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएच्या माळेतले मणी, स्वतःच बनवू शकतं, म्हणून डीएनए काही अत्यावश्यक आहारात धरत नाहीत, त्याचे टॉनिक विकणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. उलट त्यातल्या प्युरिन बेसचं शेवटी युरिक ॲसिड होतं, ते वाढलं की पायाचा अंगठा सुजतो, काळीज-गुर्दा फार खाणाऱ्यांना डॉक्टर आवरतं घ्यायला सांगतात ते यासाठी.

परीक्षेला यातलं एवढं धर : चार बेस, डीऑक्सिरायबोज साखर, फॉस्फेट, आणि तीन-तीन अक्षरांचा कोड एकेका अमिनो ॲसिडसाठी. तो कोड उलगडण्यात हरगोविंद खुराना यांचा वाटा आहे, १९६८ चं नोबेल, ते विचारू शकतात. युरिक ॲसिड आणि युरिया मात्र एक नव्हेत, दरवर्षी निम्मी मुलं तिथं मार्क घालवतात.